मेम्ब्रेन बदलल्यावरचा तास

आमच्या धंद्यात किस्से का साचतात, याचं कारण अगदी साधं आहे. पाणी हळू येतं.

म्हणजे असं. घरोघरी पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन असतं, त्यात हातभर लांबीची एक नळकांडी असते. तिच्यात मेम्ब्रेन असतं. आमच्या परभणीच्या बोअरचं पाणी असं जड, की बिचारं मेम्ब्रेन क्षारांनी गच्च भरून जातं आणि बदलावं लागतं. बदलायला वेळ लागत नाही. बाकीचे मिस्त्री ते बदलतात, "पहिली टाकी फेकून द्या बरं का," एवढं सांगतात आणि गाडीला किक मारतात.

आमच्याकडं तसं चालत नाही. नव्या मेम्ब्रेनला औषध लावलेलं असतं, म्हणून पहिली टाकी पूर्ण भरू द्यायची, आपल्या हातानं ओतून द्यायची, मग नव्यानं पाणी आलं की पहिला ग्लास मिस्त्रीनं प्यायचा आणि मगच घरच्यांना द्यायचा. हा रफीकभाईंचा नियम. "जो पानी तू नई पी सकता, वो दुसरे को कायकू पिलाता?" असं त्यांचं म्हणणं. टाकी भरायला तासभर तरी लागतो. तो तास परक्या माणसाच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून काढायचा. त्या वेळात मोबाईल बघितलेलाही रफीकभाईंना खपत नाही. मग करणार काय? घरातलं माणूस बोलायला लागतं. सुरुवात पाण्यापासून होते, आणि टाकी अर्धी होईपर्यंत गोष्ट घरावर आलेली असते.

आम्ही तिघं आहोत. रफीकभाई साठीला आलेले, वसमत रोडचं दुकान त्यांचं. सोपान पिंगळीचा, बायको आणि दोन लेकरं असलेला, तोंडाला कुलूप नाही. आणि मी, मिलिंद. चाळिशी ओलांडली, लग्न जमलं नाही. घरात आई होती, ती गेल्या वर्षी गेली. रोज सकाळी आम्ही दुकानाच्या पायरीवर चहा पितो आणि आदल्या दिवशीचे तास एकमेकांना सांगतो. रविवारी दुकान बंद असतं. रविवार मला जात नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं चोरटेपणा नको.

*

गिऱ्हाईक हमखास विचारतं, "मेम्ब्रेन म्हणजे काय हो?" आता ह्याला मराठीत काय सांगायचं? चाळणी म्हणावं तर गिऱ्हाईक म्हणतं, मग घासून द्या की, बदलता कशाला.

सोपाननं ह्याच्यावर आपला तोडगा काढलेला आहे. तो म्हणतो, "काकू, दुधावर साय येती का न्हाई? तशी सायच समजा. पातळ, पन लय दमाची."

पिंगळीच्या एका काकूंना त्यानं हेच सांगितलं. काकूंचा मुलगा पुण्याहून येताना एक जादा मेम्ब्रेन घेऊन आला होता, लागेल तेव्हा असावं म्हणून. उन्हाळ्यात मशीन बंद पडलं, सोपान गेला, म्हणाला, "काकू, ते नवं आणा."

काकू उठल्या, फ्रिज उघडला, आणि दुधाच्या पातेल्यामागून ओल्या फडक्यात गुंडाळलेलं मेम्ब्रेन काढून सोपानच्या हातात दिलं.

"हे फ्रिजात कामून ठिवलं?"

"तूच म्हनलास की, साय हाय. ह्या उनात नासली असती तर?"

सोपाननं पायरीवर हे सांगितलं तेव्हा मी हसून हसून चहा सांडला. रफीकभाई मात्र विचारात पडले. थंड जागा, ओलं फडकं. म्हणाले, "दुकानवाले भी इतना संभाल के नई रखते."

*

रफीकभाईंचा तोडगा वेगळा. ते कानाला हात लावून सांगतात, "कानात पडदा असतो ना? बारीक? आवाज जातो, कचरा जात नाही. तसंच ये मेम्ब्रेन." हे डॉक्टरी बोलणं लोकांना पटतं.

एकदा ते स्टेशनच्या बाजूला एका घरी गेले. घरात रेल्वेतून रिटायर झालेले एक आप्पा होते, रुळांची देखभाल करण्यात सगळी नोकरी गेलेली. सुनेनं आधीच सांगून ठेवलं होतं, "आप्पांना ऐकायला येत नाही, त्यांच्या नादी लागू नका." मुलगा एका खोलीत मोबाईलवर, नातू दुसऱ्या खोलीत मोबाईलवर. आप्पा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात.

रफीकभाईंनी मेम्ब्रेन बदललं, टाकी लावली आणि स्टुलावर बसले. आप्पांनी हातानंच विचारलं, हे काय? रफीकभाईंनी कानाला हात लावून पडद्याची सगळी गोष्ट सांगितली. आप्पा ते जुनं मेम्ब्रेन हातात घेऊन उलटंसुलटं बघत राहिले. मग म्हणाले, "ह्याचा बदलून मिळतोय. माझा मिळंल का?"

रफीकभाई म्हणाले, त्याचं दुकान दुसरं, आणि विषय बदलला. रेल्वे काढली. मीटरगेज असतानाची परभणी काढली. रफीकभाईंचे वडील स्टेशनवर हमाल होते, त्यामुळं दोघांच्या ओळखीची माणसंही निघाली. तासभर दोघं बोलत बसले. टाकी भरली, ओतली, पहिला ग्लास झाला, रफीकभाई निघाले तेव्हा आप्पा दारापर्यंत आले.

"तुमचं समदं ऐकाया आलं बघा," ते म्हणाले. "घरचे म्हनतेत, मला ऐकू येईना. बोलल्याबिगर कसं ऐकू येईल?"

सून मागंच उभी होती. रफीकभाईंनी तिच्याकडं न बघता चपला घातल्या. ते सांगतात, "आज तक समझ में नई आया, मैं जोर से बोला कि वो जोर से सुने."

*

पाठक सरांचा किस्सा माझा स्वतःचा आहे. सर ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेले. त्यांच्या पत्नी लेकीच्या बाळंतपणाला बंगळुरूला गेल्या आणि नातवंडाच्या पायी तिकडंच अडकल्या. सर इथं एकटे, कारण त्यांना तिकडचं पाणी आणि तिकडचा फ्लॅट, दोन्ही मानवत नाहीत.

मी मेम्ब्रेन काढलं, सवयीप्रमाणं बोलून गेलो, "सर, हे म्हणजे सायीसारखं असतं."

सरांचा चेहराच बदलला. "साय? बसा तुम्ही."

मी बसलो. टाकी लागलेलीच होती, उठून जाणार कुठं. सरांनी भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, उलटं केलं आणि त्यावर पेशी काढली. अंड्याच्या टरफलाच्या आतला पापुद्रा, तोही मेम्ब्रेन. वटवाघळाच्या पंखाची कातडी, मेम्ब्रेन. आईच्या पोटात बाळाभोवती पाण्याची पिशवी असते, तिचं आवरणही मेम्ब्रेनच. शब्द एकच, पण निसर्गानं तो किती ठिकाणी वापरलाय, म्हणाले. मग कांदा आणला, चिरला, आणि त्याच्या दोन पाकळ्यांमधला पारदर्शक पदर नखानं अलगद सोलून माझ्या तळहातावर ठेवला. कांद्यानं दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं. माझं लगेच थांबलं. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

शेवटी म्हणाले, "काही शंका?"

वर्गात मी कधी हात वर केलेला माणूस नाही. पण समोर दुसरं कोणीच नव्हतं, मी गप्प राहिलो असतो तर तास फुकट गेल्यासारखा झाला असता. म्हणून विचारलं, "सर, मेम्ब्रेनला कळतं कसं, कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही?"

"उत्तम प्रश्न," सर म्हणाले. तेवढ्यात टाकी भरली. सरांनी टाकीकडं बघितलं, कॅलेंडर गुंडाळलं आणि म्हणाले, "पुढच्या तासाला."

मला वाटलं, बोलायची पद्धत. आठ-दहा दिवसांनी फोन आला. विचारलं, "सर, मशीन बिघडलं का?"

"मशीन उत्तम आहे. तुमची शंका राहिली होती."

संध्याकाळी काम आटोपून गेलो. सरांनी आता दुसरं कॅलेंडर उलटं केलेलं होतं. हजेरी तेवढी घेतली नाही!

*

आता जुन्या मेम्ब्रेनचं काय होतं? आम्ही फेकून देतो. पण गंगाखेड रोडला मंदामावशी आहेत, त्या फेकू देत नाहीत.

"उकलून बघू दे की," म्हणाल्या. मी नळकांडीची गुंडाळी सोडली. आत पांढऱ्या पातळ पानांमध्ये बारीक जाळी असते, ती बघून मावशी खूश. पुढच्या खेपेला गेलो तर गच्चीवर कुरडया, पापड्या, सांडगे वाळत घातलेले आणि त्यावर मेम्ब्रेनची जाळी शिवून, जोडून, चादरीएवढी करून पसरलेली. माशी नाही, धूळ नाही. शेजारणीही बघायला आलेल्या.

मी म्हणालो, "मावशी, एवढ्या कुरडया कोण खातंय?"

"पोरं हायेत की. एक नाशकाला, एक पुन्याला. पारसल करते."

"येत नाहीत का न्यायला?"

"कुरडया जातेत की त्यायच्याकडं," त्या म्हणाल्या, आणि एक पिशवी भरून माझ्यापुढं धरली. "घे. तुला कोन करून घालतंय?"

मी चपापलो. ह्या बाईला मी माझ्याबद्दल एक अक्षर सांगितलेलं नव्हतं. विचारलं, "तुम्हाला कसं कळलं, मी एकटा आहे?"

मावशी पिशवीला गाठ मारत म्हणाल्या, "ज्याची घरी कुनी वाट बघतंय, तो मानूस टाकी भरस्तोवर सारखं घड्याळ बघतोय. तू एकदाबी बघितलं न्हाईस."

कुरडया तळून खाल्ल्या. चांगल्या होत्या. हा किस्सा मात्र मी पायरीवर सांगितला नाही, सोपानपुढं तर नाहीच.

*

तरी सोपानला टोमणे मारायला निमित्त मिळायचं ते मिळतंच.

शिवाजीनगरात एक घर दीड वर्ष बंद होतं. मालक पुण्याला. दिवाळीला आले, मशीन लावलं, पाण्याला घाण वास. आम्ही तिघंही गेलो होतो, कारण बोअरच्या मोटरचंही काम होतं. रफीकभाईंनी मेम्ब्रेन काढून दाखवलं. सुकून, काळं पडून कामातून गेलेलं.

मालक तापले. "अहो, दीड वर्षात एक ग्लास पाणी कोणी प्यायलं नाही! वापरलंच नाही तर खराब कसं झालं?"

"वापरलं न्हाई म्हणूनच झालं," रफीकभाई म्हणाले. "ह्याच्यातून पाणी जात राहिलं तर हे राहतं. घर बंद केलं, की हे गेलं."

सोपाननं माझ्याकडं बघून भुवई उडवली. दुसऱ्या दिवशी पायरीवर चहाचा कप हातात घेतल्याबरोबर म्हणाला, "काल ऐकलास न्हवं, उस्ताद काय म्हनले ते?"

"मी काय मेम्ब्रेन हाय का?"

"न्हाई बाबा. मेम्ब्रेनला गॅरंटी तरी असती."

मी हसलो. हसलं की सोपान लवकर थांबतो, हा माझा अनुभव. रफीकभाई हसले नाहीत. त्यांनी कप ठेवला, माझा मोबाईल मागून घेतला आणि माझ्या जिंतूरच्या मामांना फोन लावला. "मामा, तुमच्या भाच्यासाठी बघताय का काही, की आम्हीच बघायचं?"

*

मामांनी चारठाण्याचं स्थळ काढलं. मुलगी शिकलेली, अंगणवाडीत नोकरीला, वय माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी कमी. नाव सुजाता. माझ्याकडून मोठं माणूस म्हणून मामा आणि रफीकभाई. गाडी रफीकभाईंची, म्हणजे दुकानाचीच व्हॅन.

मी नवा शर्ट घातला होता. जयभीम झाला, बसलो, आधी पाणी आलं. स्टीलच्या ग्लासातून मी एक घोट घेतला. रफीकभाईंनी एक घोट घेतला. आमची नजरानजर झाली. पाणी खारट होतं.

मी डोळ्यांनी रफीकभाईंना खुणावलं, आज नको. पण ज्या माणसाचा सगळा जन्म पाण्यात गेला तो गप्प बसणार कसा? "मेम्ब्रेन गेलंय वाटतं," ते म्हणाले.

मुलीचे वडील म्हणाले, "आवो, कवाचं गेलंय. मिस्त्री येतो म्हनतोय अन् येईना झालाय."

व्हॅनमध्ये सामान होतंच. मुलीचे वडील नको नको म्हणत होते, मामा कपाळाला हात लावून बसले होते. मी नव्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि स्वयंपाकघरात गेलो. मेम्ब्रेन बदललं. टाकी लावली. आणि नियमाप्रमाणं स्टुलावर बसलो.

बघायला आलेल्या मुलाला मुलीशी बोलायला कोण किती वेळ देतं? मला तासभर मिळाला. ती पोह्यांची तयारी करत होती. सुरुवातीला दोघंही मशीनकडं बघत होतो. मग तिनं विचारलं, "मेम्ब्रेन म्हणजे नेमकं काय असतं हो?"

साय आणि पडदा, दोन्ही उत्तरं तोंडाशी आली होती. का कोण जाणे, ती सांगावीशी वाटली नाहीत. म्हणालो, "जे पाहिजे ते येऊ देतं. जे नको ते बाहेर ठेवतं. दिवसभर तेवढंच काम."

"मग आमच्या घरातलं मेम्ब्रेन मीच," ती म्हणाली. "आण्णांच्या गोळ्या, भावाची भांडणं, पाव्हण्यारावळ्याचं बोलणं, सगळं माझ्यातूनच पुढं जातंय." आणि हसली. मग माझ्या आईबद्दल विचारलं. आईबद्दल मला बाहेरच्या कोणी विचारून बरेच दिवस झाले होते. मी सांगत बसलो. टाकी भरली, ओतायला लावली ती बादली वाहायला लागली तेव्हा तिनंच नळ बंद केला.

परत येताना मामा म्हणाले, "जमलं समज." रफीकभाई गाडी चालवताना गुणगुणत होते. मी घरी येऊन दुसऱ्या खोलीतलं अडगळीचं सामान आवरलं, आईचा पलंग भिंतीला सरकवला. माझं मलाच हसू आलं, पण आवरलं.

आठवड्यानं तिच्या वडिलांचा फोन आला. "पाव्हणं, पानी लय ग्वाड लागायलंय. समदी गल्ली न्यायलीय."

"बरं झालं," मी म्हणालो.

"पोरीचं मातर... पुन्याचं स्थळ आलंय. कंपनीत हाय. तुमी मनाला लावून घिऊ नका."

"नाही, नाही."

"लग्न हितंच हाय, दारात. तुमी या. अन् एक इचारायचं हुतं. आदल्या दिवशी येऊन तेवढं मशीन बघून जाल का? पाव्हणे पुन्याचे हायेत."

गेलो. मशीन चांगलं चालू होतं. सुजाता घरात नव्हती, शेजारी मेंदी काढून घ्यायला गेली होती. टाकी भरायची काही गरज नव्हती, त्यामुळं लगेच निघालो.

सोपान हा किस्सा अजून सगळ्यांना सांगतो. "ह्यो बायको बघाया गेला अन् मेम्ब्रेन बदलून आला!" लोक पोट धरून हसतात. किस्सा आहेच तसा. सोपाननं सांगितला की मीही हसतो, पण घरी आल्यावर पलंग परत जागेवर ओढायला मला फार दिवस लागले.

*

आता शेवटचा. हा सोपान सांगत नाही, रफीकभाईही सांगत नाहीत. मीच पहिल्यांदा सांगतोय.

आईला आरओ आवडत नव्हतं. "घरात माठ हाय, मी हाय, मशीन कशाला पायजे?" म्हणायची. ती गेल्यावर माठ भरायचा राहू लागला, म्हणून मी एक मशीन घरी आणून बसवलं. एकट्या माणसाला पाणी लागतं किती? टाकी एकदा भरली की मशीन गप्प होतं ते होतंच. चालू असलं की मागून बारीक घरघर येते, घरात कोणी तरी वावरतंय असं वाटतं. म्हणून कधीकधी मी उगाच बादलीत पाणी सोडून द्यायचो, झाडांना घालायचो.

सुजाताच्या लग्नानंतरच्या कुठल्या तरी रविवारची गोष्ट. सकाळीच कपडे धुऊन झाले, भाजी-भाकरी झाली, जेवणही झालं. तरी दुपार व्हायची होती. टाकी काठोकाठ भरलेली. मशीन गप्प. मी टीव्ही लावला, बंद केला. बाहेर जाऊन गाडी पुसली. आत आलो. मोबाईल हातात घेतला आणि नंबर बघत बसलो. सगळी गिऱ्हाइकं. पाठक सरांना करावा, तर ते शेवटी नातवंडाच्या ओढीनं बंगळुरूला गेलेले, घरच्यांत बसलेले असणार. मंदामावशींना काय सांगून करणार?

रफीकभाईंना लावला.

"बोल," ते म्हणाले.

बोलण्यासारखं काही नव्हतं. घरात घुसमटतंय, असं कोणी आपल्या उस्तादाला सांगतं का? तोंडाला आलं ते बोललो. "रफीकभाई, माझ्या घरच्या मशीनचं पाणी बरोबर लागेना झालंय."

बोललो आणि मग लक्षात आलं. मिस्त्री मी, मशीन मी बसवलेलं, पिशवी दारामागं टांगलेली. आता रफीकभाई म्हणणार, तू मिस्त्री है कि न्हावी? आणि उद्या पायरीवर सोपानच्या हातात आयतंच कोलीत.

त्यांनी मात्र गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं, "कबसे?"

"बरेच दिवस झाले."

"आता हूँ."

अर्ध्या तासात आले. रविवारचा पांढरा कुर्ता, पण खांद्याला कामाची पिशवी. दारात चपला काढल्या. हे घर त्यांना नवं नव्हतं, आईच्या वेळी इथंच बसून रडले होते. पण आज परक्या घरी येतात तसे आले, "मशीन किधर है?" असं विचारून आत गेले.

"कसं लागतंय पाणी?"

"खारट," मी म्हणालो.

त्यांनी ग्लास भरला, खिशातून मीटर काढला, पाण्यात धरला. पाण्यात क्षार किती आहेत, त्याचा आकडा त्यावर दिसतो. मी शेजारीच उभा होतो. नवं मशीन बसवल्यावर गिऱ्हाइकाला कौतुकानं दाखवतो, तसला आकडा होता. त्यांनी बघितला. मीही बघितला.

रफीकभाईंनी मीटर कुर्त्याला पुसून खिशात ठेवला. येणारं पाणी बंद केलं. खाली वर्तमानपत्र पसरलं, मशीनचं झाकण उघडलं, एक-एक स्क्रू काढून ओळीनं त्यावर मांडला. मेम्ब्रेन बाहेर काढलं, खिडकीच्या उजेडात धरलं, फिरवून फिरवून बघितलं. चांगलं पांढरं शुभ्र मेम्ब्रेन. मग ते कागदावर ठेवलं, स्टुलावर बसले आणि घरी भाभींना फोन लावला.

"हाँ, मिलिंद के घर में हूँ. मेम्ब्रेन गया है... नई, पूरा गया... शाम होती. छोड के कैसे आऊँ? सब खोल के रखा हूँ... हौ, तू भी आजा. खाना इधरीच लेके आ. और सोपान को फोन कर, बोल बीवी-बच्चों को लेके आना."

फोन ठेवला. घरभर एक नजर टाकली.

"मिलिंद," म्हणाले, "बसायला स्टूल एकच हाय का रे?"

मी शेजारी खुर्च्या मागायला गेलो.